मेणाचा नवस

१४७८ साली फ्लॉरेन्सच्या प्रधान देवालयात मारेकऱ्यांनी लोरेन्झो मेदिचीवर घाला घातला. भाऊ जुलियानो ठार झाला, लोरेन्झो मानेवरील जखमेनिशी बचावला. आप्तेष्टांनी नवसापोटी त्याच्या पुरुषभर उंचीच्या तीन मेणमूर्ती वेगवेगळ्या चर्चना वाहिल्या. चरित्रकार वझारी सांगतो की, वेरोक्किओच्या साह्याने ओर्सिनो नामक मेणकाराने त्या घडविल्या; आणि एकीच्या अंगावर, गळ्याला पट्टी बांधून लोरेन्झो खिडकीतून लोकांसमोर आला तेव्हाचेच कपडे होते. हुबेहूबपणाची अट मुळात नवसाची! आबी वारबुर्गने १९०२ साली फ्लॉरेन्समधील व्यक्तिचित्रणाचा या मेणाशी संबंध जोडला, तो यथार्थच होय. रसिकांनी मात्र संगमरवर जपला. त्या तिन्ही मूर्तींपैकी एकही आज उरलेली नाही. वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचे हातपाय वाहणारे भाविक, ख्रिस्ती असोत वा हिंदू, टिकाऊपणाची चिंता करीत नाहीत.