पुश-बटण वीज-स्विच परिपथ

पुश-बटण वीज-स्विच परिपथ हा दाबून सोडायच्या एकाच बटणाने मायक्रोकंट्रोलरवर चालणारे उपकरण चालू व बंद करणारा इलेक्ट्रॉनिक परिपथ आहे. साधा स्विच वीज तत्काळ तोडतो, त्यामुळे त्या क्षणी लिहिली जात असलेली नोंद अर्धवट राहू शकते. या परिपथात वीज केव्हा तोडायची हे मायक्रोकंट्रोलर ठरवतो.

रचना व कार्य

बॅटरी आणि उपकरण यांच्यामध्ये पी-चॅनेल मॉसफेट असतो. सुमारे १०० किलो-ओहमचा रोधक त्याचे गेट सोर्सच्या विभवावर ठेवतो, म्हणून एरवी मॉसफेट बंद राहतो. बटण दाबताच गेट ग्राउंडला जोडले जाते व उपकरणाला वीज मिळते. प्रोग्राम सुरू होताच मायक्रोकंट्रोलर एनपीएन ट्रांझिस्टरद्वारे गेट ग्राउंडलाच धरून ठेवतो. मग बटण सोडले तरी वीज टिकते. बटण पुन्हा दाबल्यावर तो नोंदी जतन करतो, बटण सुटण्याची वाट पाहतो आणि ट्रांझिस्टर बंद करतो.

मर्यादा

प्रोग्राम अडकल्यास बटणाने उपकरण बंद होत नाही. त्यासाठी वॉचडॉग टायमरने मायक्रोकंट्रोलर रीसेट करण्याची सोय ठेवतात.

शेतीपंपातील उपयोग

महाराष्ट्रातील शेतीपंपांच्या स्टार्टरमध्ये हेच तत्त्व विद्युतयांत्रिक स्वरूपात आढळते. हिरवे बटण दाबल्यावर कॉन्टॅक्टरचा एक संपर्क स्वतःच्याच कॉइलचा पुरवठा टिकवतो. लाल बटण तो तोडते. वीज जाऊन परत आल्यास पंप आपोआप सुरू होत नाही. ‘ऑटो स्विच’ जोडल्यास ही सुरक्षितता नाहीशी होते. वीज येताच अनेक पंप एकदम सुरू होऊन रोहित्रावर अतिभार येतो.