रिबन क्रीकची रात्र

८ एप्रिल १९५६, रविवारची रात्र. अमेरिकेतलं पॅरिस आयलंड, मरीन सैनिकांचं प्रशिक्षण केंद्र. ड्रिल इन्स्ट्रक्टर मॅथ्यू मॅककीनने ‘शिस्त लावायला’ आपली ७१ नंबरची प्लॅटून अंधारात रिबन क्रीक या खाडीत उतरवली. कित्येकांना पोहताही येत नव्हतं. सहा पोरं बुडाली.

कोर्ट मार्शलमध्ये वाचलेल्या पोरांपैकीच काहींनी त्याची बाजू घेतली. अख्ख्या खटल्यातलं मला हेच सगळ्यात जास्त खुपतं. छळ सोसणाऱ्यालाच तो प्रशिक्षणाचा भाग वाटायला लागला, तर तक्रार करणार कोण?

सुनावलेली नऊ महिन्यांची सक्तमजुरी नंतर तीन महिन्यांवर आली, बडतर्फीही रद्द झाली. सार्जंटचा साधा शिपाई होऊन मॅककीन मरीनमध्येच राहिला.