कानाचे पोषण आणि कष्टकऱ्याचे म्हातारपण

म्हातारपणी ऐकू कमी येणारच, त्यात नवल ते काय, असे आपण सारेच म्हणतो. भरपाईचा दावा घेऊन गेलो की कारखानदारांचे वकीलही आम्हांला नेमके हेच ऐकवतात. परंतु हे म्हणणे इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही.

इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. व्हेनिसचे तांबट दिवसभर भांडी ठोकून बहिरे होतात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे कान जातो तो केवळ वयाने नव्हे, कामानेही.

अन्नाचा प्रश्न पुढे आला तो १९६० नंतर. न्यूयॉर्कचे कर्णशल्यवैद्य सॅम्युएल रोझेन यांनी सुदानातील माबान लोकांचे कान तपासले. त्यांच्यातील म्हाताऱ्यांना अमेरिकेतील शहरवासीयांपेक्षा पुष्कळ चांगले ऐकू येत होते आणि वयाबरोबर त्यांचा रक्तदाबही चढत नव्हता. गावे शांत; जेवण ज्वारीचे व माशाचे, त्यात चरबी थोडी. श्रेय शांततेचे किती, आहाराचे किती व वंशाचे किती, हा वाद पुढे बराच चालला. परंतु म्हातारपणचे बहिरेपण सर्वत्र सारखे नसते, एवढे मात्र दिसून आले.

याचे कारण कानाच्या रचनेत आहे. आतल्या कानाला रक्त पुरवणारी वाहिनी एकच आणि तीही बारीक. ती कोंडली तर दुसरी वाट नाही. आवाज टिपणाऱ्या तेथील पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तेव्हा जे अन्न रक्तवाहिन्यांना मानवते, ते कानालाही मानवावे, हा तर्क सरळ आहे.

हॉलंडमध्ये ५० ते ७० वयाच्या ७२८ स्त्रीपुरुषांवर तीन वर्षे प्रयोग झाला. २००७ साली निष्कर्ष आला, की फॉलिक आम्ल घेणाऱ्यांची खालच्या सुरांची श्रवणशक्ती किंचित सावकाश घटली. वरच्या सुरांत फरक पडला नाही. २०१४ साली अमेरिकेतील ६५ हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत, आठवड्यातून दोनदा वा अधिक मासे खाणाऱ्यांत बहिरेपण कमी आढळले. ही पाहणी होती, प्रयोग नव्हे. म्हणून मासळीला औषध म्हणू नये.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. भातानंतरच्या ओलीवर होणाऱ्या वालात आणि हिरव्या पालेभाजीत फॉलिक आम्ल आहे; बांगडा तर दाराशी येतो. पण अन्न दाराशी असणे वेगळे आणि ताटात पडणे वेगळे. अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ ते १९३९ संप केला, तो पिकवणाऱ्याच्या पदरात पीक पडावे म्हणूनच. आज बंदरात आणि कारखान्यांत राबणाऱ्या त्यांच्या नातवंडांनी तोच प्रश्न ताटाविषयी विचारावा.

१९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद केली आणि त्याच्या कारभारात कामगारांना जागा दिली. १९८७ च्या दुरुस्तीनंतर गोंगाटाने येणारे बहिरेपण सरकारला कळवावयाच्या रोगांत आले. या दोन्ही गोष्टी आम्ही एकत्र मागतो. यंत्राचा आवाज आधी कमी करा, कानांची तपासणी दरवर्षी करा आणि उपाहारगृहात वड्याबरोबर उसळ, पालेभाजी व मासळी परवडेल अशा भावात ठेवा. चांगले जेवण हे भरपाई टाळण्याचे निमित्त मात्र होता कामा नये. कामाने गेलेल्या कानाचा हिशेब कामावरच मांडला पाहिजे.