मुलकी आणि माहेर

हिंगोली पूर्वीं हैदराबाद संस्थानच्या परभणी जिल्ह्यांत होती. १९१९ च्या निजामी फर्मानान्वयें तेथें ‘मुलकी’ नसलेल्यास खास परवानगीवांचून सरकारी नोकरी मिळत नसे. परक्यास मुलकी होण्याकरितां पंधरा वर्षांचें वास्तव्य आणि परत न जाण्याबद्दल मॅजिस्ट्रेटनें साक्षांकित केलेलें प्रतिज्ञापत्र लागे. पुण्याची कन्या हिंगोलीच्या मुलकी वरास दिली, कीं विवाहानेंच ती मुलकी! उलट हिंगोलीची कन्या पुण्याच्या वरास दिली, कीं ती गैरमुलकी. शिकलेल्या लेकीस माहेरच्या सरकारी शाळेंत नोकरी हवी असली, तरी ती परकीच. वैधव्य वा घटस्फोटानंतर ती कायमची परतली, तरच हक्क पुनः लाभे. १९५६ सालीं हैदराबाद राज्याचें विभाजन झालें. आंध्रांत उरलेले हे नियम संसदेनें १९७३ सालीं रद्द केले.