चित्रकथेचे वाचक

ज्या जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत सरकारी दफ्तरात कुलाबा असे होते, त्यातील पेण आणि रोहे या गावी, आगगाडी येण्यापूर्वीच्या काळात, मुंबईत मार्च १९६४ मध्ये सुरू झालेले व पुढे मराठीतही निघालेले इंद्रजाल कॉमिक्स आणि १९६७ साली अनंत पै यांनी आरंभिलेली अमर चित्र कथा एस. टी.च्या टपावरून येत, तेव्हा एका अंकाचे वाचक किती होत याची गणती कोणत्याही खतावणीत सापडणार नाही. मजकूर एकाने मोठ्याने वाचावा, चित्रे चौघांनी पाहावीत, आणि इंद्रजालमधील वेताळाच्या कवटीच्या अंगठीचा ठसा खलनायकाच्या जबड्यावर उमटताच सर्वांनी एकदम बोलू लागावे, हीच त्या काळची समीक्षा होय.

पेणेतील अभिप्राय मात्र मला विशेष मोलाचा वाटतो. गणपतीच्या कारखान्यात, शाडूने माखलेली बोटे पानाच्या कडेला टेकवून, अमर चित्र कथेसाठी राम वाईरकरांनी रेखाटलेला कृष्ण न्याहाळणारा मूर्तिकार कथेविषयी अवाक्षर न काढता प्रथम डोळ्यांची आखणी पाही. कारण मूर्तीत जीव येतो तो त्याच रेषेने, हे त्याचे पिढीजात ज्ञान. अशा जाणत्या नजरेची दाद छापील परीक्षणांत क्वचितच आढळते.

इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडले. ज्यांच्या माळ्यावर ते अंक अद्याप असतील, त्यांनी ते रद्दीत न घालता गावच्या वाचनालयाच्या स्वाधीन करावेत, ही विनंती.