वडिलांची गाणी टाळणारी मुलगी

१/ १९४८ साली लॉस एंजेलिसच्या हॅन्कॉक पार्क या श्रीमंत, गोऱ्या वस्तीत नॅट किंग कोल या कृष्णवर्णीय गायकाने घर विकत घेतले. 'नको असलेली माणसे' येथे राहायला येऊ नयेत, असे शेजाऱ्यांनी त्याला सुनावले. तशी माणसे आपल्यालाही नको आहेत आणि कोणी आढळल्यास पहिली तक्रार आपणच करू, असे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. कृष्णवर्णीयांना घर न विकण्याच्या करारांची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी दिला होता. शेजार मात्र निकालाने बदलत नसतो.

२/ या घरात ६ फेब्रुवारी १९५० रोजी जन्मलेली नॅटली वाढली. आई मारिया हीसुद्धा गायिका. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात ती गात असे. वडिलांची कीर्ती एवढी होती की हॉलिवूडमधील कॅपिटॉल कंपनीच्या गोल मनोऱ्याला लोक 'नॅटने बांधलेले घर' म्हणत. तरीही १९५६ मध्ये अलाबामातील बर्मिंगहॅम येथे भर मैफलीत गोऱ्या हल्लेखोरांनी त्याला रंगमंचावरच खाली पाडले, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या त्याच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाला देशव्यापी प्रायोजक अखेरपर्यंत मिळाला नाही. मुलीला वारशात मिळालेल्या आडनावाला ही दुसरी बाजूही होती.

३/ १५ फेब्रुवारी १९६५ रोजी नॅट किंग कोलचे फुप्फुसाच्या कर्करोगाने निधन झाले. वय अवघे ४५. नॅटलीला पंधरा वर्षे पूर्ण होऊन नऊच दिवस झाले होते.

४/ पुढे तिने मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून बालमानसशास्त्रात पदवी घेतली (१९७२) आणि लहानसहान क्लबांत गाऊ लागली. तेथे अडचण आली ती नावाचीच. क्लबचालक फलकावर 'नॅट किंग कोलची कन्या' असे लिहीत आणि श्रोते वडिलांच्या गाण्यांची फर्माईश करीत. तिला ओढ होती अरेथा फ्रँकलिनच्या सोल संगीताची, रॉकची. वडिलांची गाणी तिने कटाक्षाने बाजूला ठेवली. हा हट्ट कृतघ्नपणाचा मानणाऱ्यांना एक गोष्ट दिसत नाही: ती गाणी गाऊन ती फार तर उत्तम आठवण ठरली असती, गायिका ठरली नसती.

५/ १९७५ मध्ये चक जॅक्सन आणि मार्विन यान्सी या जोडीने रचलेल्या गाण्यांचा 'इनसेपरेबल' हा तिचा पहिला अल्बम आला. काढला तो वडिलांच्याच कॅपिटॉल कंपनीने; आडनावापासून पूर्ण सुटका अशी नव्हतीच. परंतु त्यातला आवाज तिचा होता. पुढच्या वर्षी तिला सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकाराचे ग्रॅमी मिळाले, आणि ऱ्हिदम अँड ब्लूज गायिकेच्या ज्या पुरस्कारावर सलग आठ वर्षे अरेथाचेच नाव कोरले जात होते, तोही तिने जिंकला. त्याच वर्षी यान्सीशी तिचा विवाह झाला.

६/ यशाबरोबर हेरॉइन आणि कोकेनचे व्यसनही वाढत गेले. १९८३ मध्ये ती मिनेसोटातील हेझेल्डन या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाली. या अंधाऱ्या काळाविषयी तिने पुढे आत्मचरित्रात काहीही न लपवता लिहिले. १९८७ च्या 'एव्हरलास्टिंग' या अल्बमने तिचे पुनरागमन झाले.

७/ आणि मग १९९१. आता तिला आडनाव वापरून काही मिळवायचे उरले नव्हते, तेव्हा ती वडिलांच्या गाण्यांकडे वळली. 'अनफर्गेटेबल... विथ लव्ह' या अल्बममध्ये तिने त्यांची बावीस गाणी गायिली. शेवटच्या गाण्यात वडिलांचा जुना ध्वनिमुद्रित आवाज आणि तिचा ताजा आवाज तंत्रज्ञांनी एकत्र गुंफला. दिवंगत माणसाशी युगलगीत ही क्लृप्ती अनेकांना बाजारू वाटली. आजही वाटू शकते. पण त्यामागचे गायन सोपे नव्हते. सोबत गाणारा माणूस समोर असला की तो थांबतो, लय सावरून घेतो. येथे सहगायक कशासाठीही थांबणार नव्हता. श्वास, ठेहराव, शब्दफेक, सारी जुळवाजुळव मुलीनेच करायची होती.

८/ अल्बमच्या अमेरिकेत सत्तर लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९९२ च्या ग्रॅमी समारंभात वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बम आणि सर्वोत्कृष्ट रेकॉर्ड हे दोन्ही पुरस्कार तिला मिळाले. सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार गीतकार अर्व्हिंग गॉर्डन यांना मिळाला. हे गीत नॅटने प्रथम ध्वनिमुद्रित केले ते १९५१ मध्ये! चाळीस वर्षांपूर्वीचे गाणे 'या वर्षीचे' कसे, हा टीकाकारांचा प्रश्न रास्तच होता. गॉर्डन तेव्हा ७७ वर्षांचे होते.

९/ २००८ मध्ये तिला हिपॅटायटिस सी झाल्याचे निदान झाले. तिने त्याचा संबंध जुन्या व्यसनाशी जोडला. मूत्रपिंडे निकामी झाली. मे २००९ मध्ये ज्या दिवशी तिच्यावर मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले, त्याच दिवशी तिची थोरली बहीण कुकी कर्करोगाने गेली. वडिलांना नेणारा तोच फुप्फुसाचा कर्करोग.

१०/ दरम्यान २००८ च्या 'स्टिल अनफर्गेटेबल' या अल्बममध्ये तिने वडिलांच्या आवाजाबरोबर आणखी एक युगलगीत गायिले होते. ३१ डिसेंबर २०१५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये वयाच्या ६५ व्या वर्षी तिचे निधन झाले. वडिलांपेक्षा वीस वर्षे अधिक आयुष्य तिला लाभले.