बुद्धिबळातील व्यूहरचनेचे पाठ्यपुस्तक : ‘माय सिस्टिम’

सांगली हे महाराष्ट्रातील बुद्धिबळाचे जुने केंद्र. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने येथे या खेळाची परंपरा रुजविली. भाग्यश्री साठे (ठिपसे) याच परंपरेतील. त्यांनी 1985 ते 1994 या काळात पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेतेपद पटकाविले. सांगली-साताऱ्याच्या स्पर्धांत आजही एक उणीव जाणवते. मुलांना प्रारंभाच्या दहा-पंधरा चाली मुखोद्गत असतात. मात्र पाठांतर संपले की पुढे काय करावे, हे कळत नाही. हातचा डाव निसटतो तो येथेच. ही उणीव भरून काढण्यासाठी आरोन निम्झोविच यांचा ‘माय सिस्टिम’ हा ग्रंथ उपयुक्त ठरतो.

ग्रंथ आणि ग्रंथकार

निम्झोविच यांचा जन्म 1886 मध्ये रिगा येथे, तर मृत्यू 1935 मध्ये कोपनहेगन येथे झाला. त्यांचा हा ग्रंथ 1925 मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध होऊ लागला. पुढे विश्वविजेता झालेल्या तिग्रान पेट्रोशियन यांच्या खेळावर त्याचा खोल ठसा उमटला.

प्रमुख तत्त्वे

मोकळी पट्टी : जिच्यावर प्यादे नाही अशी उभी पट्टी हत्तीने ताब्यात घ्यावी. तेथून हत्ती सातव्या आडव्या पट्टीवर पोहोचला की तो प्याद्यांवर हल्ला चढवितो आणि राजाला कोंडतो.

नाकेबंदी : पांढऱ्याचे डी-4 वरील प्यादे एकाकी असेल, म्हणजे शेजारच्या सी व ई पट्ट्यांवर त्याची प्यादी नसतील, तर डी-5 या घरावर त्याचे कोणतेही प्यादे मारा करू शकत नाही. काळ्याने तेथे घोडा बसविला की प्यादे अडते आणि घोड्यालाही हक्काचे ठाणे मिळते.

प्रतिबंध : स्वतःची योजना आखण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याला काय साधायचे आहे ते ओळखून ते आधीच रोखावे.

अभ्यासाची पद्धत

हा ग्रंथ कादंबरीसारखा वाचून उपयोग नाही. समोर पट मांडावा. एका आठवड्यात एकच तत्त्व घ्यावे. ग्रंथातील डाव मांडताना पुढची चाल झाकून ठेवावी, आपली चाल कारणासह वहीत लिहावी आणि मगच ताडून पाहावे. त्यानंतर स्वतःच्या हरलेल्या डावांत तेच तत्त्व शोधावे. संगणकाची मदत सर्वांत शेवटी घ्यावी. आधी उत्तर पाहिल्यास विचाराची सवय लागत नाही.

कोपनहेगन येथे 1923 मध्ये सेमिश यांच्याविरुद्ध झालेला निम्झोविच यांचा डाव अवश्य अभ्यासावा. काळ्याने पंचविसाव्या चालीला राजाच्या बाजूचे कडेचे प्यादे केवळ एक घर पुढे सरकविले आणि पांढऱ्याने डाव सोडला. पटावर मोहरी भरपूर होती, पण नुकसान न करणारी चालच उरली नव्हती.

मर्यादा

निम्झोविच यांची सर्वच मते आज जशीच्या तशी मान्य होत नाहीत. महत्त्वाच्या घराला गरजेपेक्षा अधिक मोहऱ्यांचे संरक्षण द्यावे, हा त्यांचा आग्रह अनेक तज्ज्ञांना अतिरेकी वाटतो. नवशिक्यांनी आधी साध्या मातीची कोडी व अंतिम डावाची मूलतत्त्वे पक्की करावीत. नियमित स्पर्धा खेळणाऱ्यांनी मात्र हा ग्रंथ वर्षभर पटाशेजारी ठेवावा.